युक्त आहार, आणि तरीही आजार आला तर?

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ या श्लोकांवर.

हा ध्यानयोगाचा अध्याय. आसन कसं असावं, नजर कुठे असावी हे सांगून झालं की भगवंत थेट जेवण आणि झोपेवर येतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अगदीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जाग हे सगळं 'युक्त' असतं, त्याचा योग दुःख दूर करतो.

'युक्त' म्हणजे कमी नव्हे, योग्य मापाचं. ज्ञानेश्वरीत माउली याच ठिकाणी म्हणतात की अन्न युक्तीच्या मापानं घ्यावं, बोलणं-चालणंही मोजकं असावं आणि झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा. झोपेला मान! रात्री दीडपर्यंत ऑफिसचे कॉल आणि पहाटे काकड आरतीचं लाइव्ह, अशी ओढाताण करणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथे जरा थांबावं. उपवासाचंही तेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही.

आता खरा प्रश्न. हे सगळं पाळूनही डायबेटीस निघाला तर? सत्संगात कुणाची शुगर वाढली की 'पथ्य पाळलं नसेल', 'साधना कमी पडली' असं कुणीतरी म्हणतंच. हे बरोबर आहे का?

चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन मिळालेल्या गटात सुमारे ३९ टक्के. फक्त मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढेच, ४० टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. शंभरातले जवळपास सोळा जण त्या काळात तरी वाचले, म्हणजे प्रयत्न वाया जात नाही. पण एकोणचाळीस जणांना तरीही आजार गाठलाच. कुणी किती पाळलं हे कमीजास्त असेल, पण त्या सगळ्यांना आळशी म्हणायची आपली हिंमत होईल का? आनुवंशिकता आणि वय हेही आपापलं काम करतातच.

म्हणूनच मला सतराव्या श्लोकातला एक शब्द फार मोलाचा वाटतो. योग 'दुःखहा' होतो, असं भगवंत म्हणतात. 'रोगहा' म्हणत नाहीत. निरोगी शरीराची हमी तिथे नाहीच. पुढे तेराव्या अध्यायात ते शरीराला क्षेत्र म्हणतात, शेत. शेतकरी नांगरतो, पेरतो, तण काढतो. पाऊस त्याच्या हातात नसतो. पीक गेलं म्हणून आपण त्याला पापी म्हणत नाही, आणि पाऊस देवाच्या हातात म्हणून त्याने नांगरच धरला नाही, तर त्याला भक्तीही म्हणत नाही.

म्हणून चालायला जाणं ही सेवा आहे. वेळेवर झोपणं ही सेवा आहे. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घेणं हीसुद्धा सेवाच आहे, त्यात श्रद्धा कमी होत नाही. नामस्मरण सुरू केलं म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करणं हे काही 'युक्त' नव्हे. आपली निरोगी तब्येत पुण्याचं सर्टिफिकेट नाही आणि दुसऱ्याचा आजार त्याच्या पापाचा पुरावा नाही.

आजचा संकल्प: झोपेची एक वेळ ठरवू या आणि आठवडाभर पाळू या. आणि कुणी आजारी दिसलं, तर 'काय खाल्लंस?' च्या आधी 'कसा आहेस?' विचारू या.

उद्या श्लोक १८. राम कृष्ण हरी!