नेटके काम आणि वेळेवर काम

काम मन लावून करावे, की झटपट उरकावे? मन लावणारा म्हणतो, घाई करणे म्हणजे बेगार टाळणे. उरकणारा म्हणतो, कीस काढीत बसलात तर दिवस मावळेल. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून सज्जनहो, एक प्रत्यक्ष कामच घेऊन पाहू.

श्रीतुकोबारायांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी करीत इंदापुराकडे निघते, तेव्हा वाटेला दुतर्फा ऊस दिसतो. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, त्या पाण्यावर हा मुलूख हिरवा झाला. आषाढात आपण उभा ऊस पाहतो. दिवाळीच्या मागेपुढे त्याच रानात कोयते चालू लागतात.

तोडणीचे पहिले कसब हे, की ऊस जमिनीसरसा तुटला पाहिजे. बुडख्याच्या कांड्यांत साखर जास्त. चार बोटे खुंट वर राहिला तर तेवढी साखर रानातच राहते, आणि पुढे खोडवाही जोमाने फुटत नाही. मग सावकाश तोडावा म्हणता? तेही चालत नाही. तुटलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटते, साखर उतरते. तो होता होईल तो एका दिवसात घाण्यात गेला पाहिजे.

आता जाणता तोडणीवाला काय करतो, बघा. कोयता बुडाशी घालताना तो हात सांभाळतो, कारण तिथली चूक मागून भरून निघत नाही. मोळी मात्र वाटेत सुटू नये इतकीच घट्ट आवळतो. ती देखणी करीत बसत नाही, कारण कारखान्यावर ती सुटायचीच आहे. यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जे बिघडले तर पुन्हा सुधारणार नाही, तिथे जपावे. जिथे कोणी आपल्यासाठी खोळंबले आहे, तिथे हात उचलावा. उरलेला काटेकोरपणा पुष्कळदा आपल्याच कौतुकाचा असतो.

पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. तोडणीची मजुरी टनावर मिळते. खाली वाकून, जपून तोडायचे तर वेळ लागतो, आणि तो वेळ मजुराच्या पोटातून जातो. मालकाने ‘बुडातून तोड’ म्हणावे आणि गाडी उभी करून ‘आटप, आटप’ असेही ओरडावे, हा न्याय नव्हे. ज्याला नेटके काम हवे, त्याने वेळही द्यावा आणि दामही द्यावा. दुसऱ्याच्या भाकरीवर आपला चोखपणा मिरवणे याला धर्म कसे म्हणावे?

पाण्याचेही तसेच. रात्री दारे धरणाऱ्याला डुलकी लागली, बांध फुटला, तर पाणी ओढ्याला जाते. इकडे याच्या वाफ्यांचे फारसे बिघडत नाही. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला, इंदापूर तालुक्यात, कोणीतरी पाळीची वाट पाहत बसलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही. न दिसणाऱ्याची आठवण ठेवून काम करणे, ही सुद्धा भक्तीच होय. सावतोबांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला असे आपण सांगतो, ते कशासाठी?

आपल्या भजनात तरी दुसरे काय आहे? पखवाजी आपल्याच बोलांत रंगून गेला तर अभंग खोळंबतो. भरभर पुढे गेला तर टाळकरी तुटतात. हात तयार असावा, पण कान दिंडीकडे असावा. विणेकऱ्याच्या मागे शे-दोनशे माणसे चालतात, त्यांत म्हातारीकोतारीही असतात. त्यांना घेऊन मुक्कामी वेळेवर पोचणे, हेच त्या दिंडीचे कसब.

तेव्हा काम हाती घेताना दोन गोष्टी मनाला विचाराव्यात: यात न सुधारणारे काय आहे? आणि माझ्यासाठी कोण थांबले आहे? पहिल्याला आपली काळजी द्यावी, दुसऱ्याला आपली गती द्यावी. मग ते काम विठोबाच्या पायांशी ठेवायला संकोच वाटणार नाही.

रामकृष्णहरि.