कोरडे पाषाण

लोकांस ब्रह्मज्ञान सांगणारा आणि आपण मात्र कोरडा पाषाण राहणारा मनुष्य आपल्या समाजात फार काळापासून उपहासाचा विषय होऊन बसला आहे. या म्हणीचा रोख ढोंगी बुवांवर असतो, आणि तो असावा हे योग्यच आहे. परंतु जो ढोंगी नाही, ज्याने परक्या मुलखात येऊन आपल्या समजुतीप्रमाणे ईश्वराच्या सेवेस आयुष्य वाहिले आहे, आणि ज्याच्या अंतःकरणातील ओलावा काही अपराधावाचून एके दिवशी आटून गेला आहे, त्याने काय करावे? उद्या सकाळी त्यास उपासना चालवावयाची आहे. संध्याकाळी एखाद्या मरणोन्मुख माणसाच्या उशाशी बसून धीराचे चार शब्द बोलावयाचे आहेत. आणि आत तर काहीच नाही. त्याने बोलावे की गप्प बसावे? आणि बोलला, तर ती म्हण त्यास लागू पडते की नाही?

हा प्रश्न कीर्तनकारास पडतो, शिक्षकास पडतो, देशसेवकासही पडतो. तथापि येथे आम्ही ख्रिस्ती मिशनऱ्याचे उदाहरण घेत आहो. त्याच्या धर्मांतराच्या खटपटीविषयी वाचकांचे मत काही असो. आमचेही सर्वांशी अनुकूल नाही. पण त्याच्या ठायी हा पेच अधिक कठीण होतो यात संशय नाही. हरिदासाच्या मनातील भक्तीचा हिशेब कोणी मागत नाही. मिशनऱ्यास मात्र दूरच्या मंडळीकडे अहवाल धाडावा लागतो, आणि ज्यांनी द्रव्य पाठविले त्यांस पीक पाहावयाचे असते. कोरड्या वर्षाचा अहवाल ओल्या शब्दांत लिहिण्याचा मोह किती मोठा असेल याची कल्पना कचेरीत नोकरी केलेल्या कोणासही करता येईल.

एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे एक ठाणे जुन्नरास होते. जुन्नर व त्याच्या शेजारचा आंबेगाव तालुका ज्यांनी पाहिला आहे, त्यांस तेथील ऋतूंचा विलक्षण विरोध ठाऊक असेल. नाणेघाटाकडे व भीमाशंकरच्या रानाकडे आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. आणि त्याच डोंगरांतील वाड्यांवर वैशाखात बायका झऱ्याच्या तळाशी बसून वाटी-वाटीने हंडा भरतात. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तरी वरच्या अंगाच्या वाड्यांची उन्हाळ्यातील पायपीट काही संपली नाही. तेव्हा ओढ्याचे कोरडे पात्र पाहून येथे पाऊस पडतच नाही असे जो म्हणेल, त्याने या प्रदेशास ओळखलेच नाही. कोरड्या पडलेल्या अंतःकरणावरून त्यास कृपा कधी लाभलीच नव्हती, किंवा त्याने ती पापाने गमावली, असा निवाडा देणारेही याच वर्गातले होत. शुष्कता पापाने येते हे खरे असेल. पण ती पापाने येतेच असे नव्हे. अतिश्रमाने येते, एकान्ताने येते, आप्तांच्या मरणाने येते, आणि कित्येकदा कशानेही येते.

अशा मनुष्यास दोन सल्ले हटकून मिळतात. एक म्हणतो, आत नसेल तर बोलणे बंद करा; प्रामाणिकपणा तोच. दुसरा म्हणतो, दुप्पट जोराने बोला; बोलता बोलता उमाळा येईल. आमच्या मते पहिल्यात भावनेस नको इतके महत्त्व दिलेले आहे, आणि दुसऱ्यात फसवणुकीचे बीज आहे. रात्री तिसऱ्या प्रहरी रडणाऱ्या मुलास खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या आईच्या मनात त्या घटकेस वात्सल्य उचंबळत असतेच असे नाही. बहुधा झोपच दाटलेली असते. म्हणून तिचे उठणे ढोंग ठरत नाही. मात्र तीच सकाळी शेजारणीस, रात्रभर मी आनंदाने जागले, असे सांगू लागली, तर ते ढोंग होय. भावना नसणे आणि नसलेली भावना मिरविणे यांतील हे अंतर उपदेशकाने राखले, तर कोरड्या दिवसांतही त्यास बोलण्याचा अधिकार आहे. आपल्यास जे आज दिसत नाही ते आपल्या आधीच्या पुष्कळांस दिसले, इतके तो निर्भयपणे सांगू शकतो.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र (१८५८–१९२२) जितके बोधक तितकेच अडचणीचे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ च्या मार्चात त्यांनी मुंबईस शारदासदन काढले. पुढील वर्षी ते पुण्यास आणले. पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्यास उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षांचा हिशेब केला तर आपण १८९१ पर्यंत येतो. म्हणजे शारदासदनाची स्थापना, त्याची पहिली दोन वर्षे, निराश्रित बालविधवांस घरात घेणे, त्यांस शिकविणे, हे सर्व त्यांच्याच साक्षीप्रमाणे त्या काळात घडले, जेव्हा त्यांच्या हाती धर्माचे कवच होते आणि आतला जीव नव्हता.

आता पाहा. शारदासदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी या बालविधवा होत्या. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई कर्वे या नावाने महाराष्ट्र त्यांस ओळखू लागला. रमाबाईंच्या कोरड्या दिवसांत गोदूबाईंस जे मिळाले ते खोटे होते असे कोण म्हणेल? देणाऱ्याच्या अंतःकरणाची स्थिती व दिलेल्या वस्तूचे मोल ही दोन निरनिराळी आहेत, हे येथे डोळ्यांपुढे दिसते. आणि अडचणीची गोष्ट पुढेच आहे. रमाबाईंच्या अंतरी भक्तीचा पूर आला तो १८९१ नंतर. १८९३ मध्ये सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रभाव वाढत असल्याच्या वादावरून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. कोरड्या काळात जोडलेला लोकांचा विश्वास ओल्या काळात तुटला. यावरून शुष्कताच बरी असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. रमाबाई स्वतः तर तो ऐकूनही घेत्या ना. परंतु उमाळा आला म्हणजे सर्व साधले, या भोळ्या समजुतीस येथे चांगलाच धक्का बसतो.

रमाबाईंस बाप्तिस्म्याच्या निर्णयापर्यंत आणण्यात ज्यांच्या पत्राचा मोठा वाटा होता, ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांची कथा याहून नवलाची. १८४८ साली ख्रिस्ती झालेल्या या काशीच्या पंडिताची संशयांनी उभ्या आयुष्यात पाठ सोडली नाही. ज्याची स्वतःची रात्र कधी पुरती उजाडली नाही, त्याच्या शब्दांनी दुसऱ्यास वाट दिसली. मदर तेरेसांचे उदाहरण अलीकडचे आहे. त्यांची खासगी पत्रे २००७ साली, निधनानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. आणि ज्यांच्या मुखावर जगाने नित्य प्रसन्नता पाहिली त्यांच्या अंतरी जवळजवळ पन्नास वर्षे काळोख होता हे उघड झाले. ती पत्रे नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या मौनाविषयी आमचे मन द्विधा आहे. दुःखितांपुढे आपले दुःख मांडू नये हे थोर खरे. पण त्यांच्याच संस्थेतील एखाद्या तरुण भगिनीस, तीच रात्र सोशीत असता, आपण एकटी नाही हे कळले असते तर?

रमाबाईंचा स्पष्टपणा व तेरेसांचे मौन यांपैकी कोणते श्रेष्ठ, हा वाद येथेच सोडून आम्ही त्या दिवसांत वाढ कोणती होते याकडे वळतो. बायबलातील एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. अहाब राजास अवर्षणाची वार्ता सांगून तो करीथ ओहळाकाठी राहिला. आणि त्याने स्वतः घोषिलेल्या त्या अवर्षणाने तो ओहळही आटला. देवाचा माणूस म्हणून त्याचे पाणी वेगळे राखले गेले नाही. मग त्यास परमुलखातील सारफथ गावी एका गरीब विधवेच्या दारी जाऊन घोटभर पाणी व भाकरी मागावी लागली. देणारा मागणारा झाला. मिशनऱ्याच्या जीवनात हीच उलटापालट सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत हितकारक असते. ओल्या दिवसांत तो या लोकांस काय द्यावे एवढाच विचार करतो. कोरड्या दिवसांत, यांच्यापाशी आपल्यासाठी काही आहे काय, असे त्यास प्रथमच विचारावेसे वाटते.

आणि जुन्नरच्या मुलखात ते होते. तालुक्यातील ओतूर येथे, परंपरेप्रमाणे, तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. देव भेटत नाही ही तक्रार भर देवळात, टाळ-मृदंगाच्या साथीने मांडण्याची मोकळीक तुकोबांच्या अभंगांनी महाराष्ट्रास दिली. कोरडेपणा लपवावा लागत नाही, तो गाताही येतो, ही गोष्ट अहवाल लिहून थकलेल्या माणसास केवढी सोडवणूक वाटली असेल! नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो असे सांगत, आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट तर हिंदुस्थान सोडून स्वदेशी परतल्यावर, उतारवयात, मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरे करीत राहिले. शिकविण्यास आलेला मनुष्य शिष्य होऊन गेला.

शिवनेरीच्या लेण्यांत एक लहानसा शिलालेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने तेथील भिक्षूंसाठी दोन पोढी, म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी, दान दिल्याचे तो सांगतो. या परदेशीयाच्या मनात त्या वेळी कोणते भाव होते याची लेखात नोंद नाही. पोढीचे तोंड लहान व पोट मोठे असते. ऊन आत पोहोचत नाही, आणि चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरते. म्हणीतला पाषाण तो हाच! खडकास स्वतःस तहान भागल्याचे सुख नाही. परंतु तो फुटला नाही, गळला नाही, म्हणून वैशाखात येणाऱ्यास पाणी मिळाले. पश्चिमेच्या डोंगरांतील महादेव कोळी तर त्याच रखरखीत दिवसांत बाळहिरडा वेचतात. तो उन्हातच वाळवावा लागतो. अवेळी पावसाने भिजला तर बिघडतो.

रमाबाईंकडे पुन्हा एकदा यावे लागते. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात भक्तीची जी मोठी लाट उसळली तिची वर्णने दूरदेशी गेली. त्या लाटेनंतरच्या वर्षांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्या वर्षांत रमाबाई हिब्रू व ग्रीक भाषांचे कोश पुढे ठेवून साऱ्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करीत बसल्या होत्या: शब्दामागून शब्द, व्याकरणाच्या टिपा, पुन्हा तपासणे. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, आणि ते भाषांतर १९२४ साली छापून बाहेर पडले.