बाजारची गाडी, मॉलचं दार

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला गेली. हा रस्ता शिरूरवरून जातो, आणि शिरूरला आजूबाजूच्या गावांतली जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. पुढच्या काही दशकांत एसटी तालुक्यातल्या आडवळणी गावांपर्यंत पोचली. निमोणे, न्हावरे, करडे अशा गावांचं तालुक्याशी असलेलं नातं तोवर बैलगाडीच्या चाकांनी किंवा पायांनी मोजलं जाई. आता ते गाडीच्या वेळेनं मोजलं जाऊ लागलं. सकाळची गाडी बाजाराची आणि संध्याकाळची परतीची. रात्रीची मुक्कामी चुकली तर पाहुण्याच्या ओसरीवर पथारी.

याच सुमाराला, ८ ऑक्टोबर १९५६ रोजी, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसजवळच्या एडिना उपनगरात साउथडेल सेंटर उघडलं. दोन मजली, चहूबाजूंनी बंद, बहात्तर दुकानांचं. बाहेर हाडं गोठवणारा हिवाळा असला तरी आत कायम चोवीस अंशांच्या आसपास तापमान. मधोमध वरून उजेड झिरपणारा चौक, त्यात झाडं, कारंजं, पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा. भोवती हजारो मोटारी लावायची सोय. आज अमेरिकेत ज्या मॉलच्या आठवणीनं माणसं हळवी होतात, त्याचा मूळपुरुष हाच. पन्नाशी-साठीतले अमेरिकन तिथल्या फरशीचा रंग, कारंज्यात टाकलेली नाणी, नाताळातला सांताक्लॉज यांच्या आठवणी काढतात. ओस पडलेल्या मॉलचे फोटो हा छायाचित्रणाचा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला आहे. २०१९ साली आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वासाठी जॉर्जियातल्या मरगळलेल्या ग्विनेट प्लेस मॉलचा एक भाग १९८५ सालासारखा सजवला गेला. तो पाहून असा मॉल जन्मात न पाहिलेल्या शिरूरच्या कॉलेजकुमारालाही हुरहूर वाटू शकते. हुरहूर हा आता निर्यातीचा माल आहे.

पण घोडनदीच्या शनिवारचं काय?

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात शिरूरच्या शनिवारच्या बाजाराची नोंद आहे. इथं गुरं आणि घोडी मोठ्या संख्येनं विकली जात, आणि कापड नि धान्याचे व्यापारी, सावकार गावात पुष्कळ होते. छावणीमुळे वाढलेलं हे गाव. पुढे छावणी गेली, बाजार राहिला. साठच्या दशकात चिंचणीजवळ घोड धरण झालं, कालव्याचं पाणी फिरलं, ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस आला आणि हाती रोख पैसा खेळू लागला. तरी बाजार आठवड्याचाच राहिला, कारण तो नुसत्या खरेदीसाठी नव्हताच.

या भागातल्या कुणालाही जुन्या बाजाराबद्दल विचारलं, तर भाव सांगणारा विरळा. सांगितली जाते ती भेळ-भत्त्याची पुडी, कागदातून तेल झिरपणारी. बैलांच्या गोंड्या-घुंगरमाळांचं दुकान. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून किंमत ठरवणारे दलाल, ज्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलायची नाही. बायकांच्या आठवणी वेगळ्याच निघतात. सासरचं गाव आणि माहेरचं गाव एकाच बाजाराला येत असेल, तर शनिवारी भाऊ भेटे, आईचा निरोप मिळे, लोणच्याची बरणी हातोहात पोचे. घरातून बाहेर पडायला बाजारासारखं बिनतक्रार मंजूर होणारं दुसरं निमित्त नव्हतं. सोयरिकींची पहिली चाचपणी तिथंच व्हायची. कुणाचा मुलगा कसा वागतो, हे त्याच्या बापापेक्षा हॉटेलवाल्याला अधिक ठाऊक असे.

एडिनाच्या आणि घोडनदीच्या आठवणींचा सांधा इथं जुळतो. दोन्हीकडे माणसांना माल आठवत नाही. आठवतं ते रेंगाळणं, काही विकत न घेताही तासन् तास थांबण्याची मुभा. शेतात रिकामं बसलेल्याला कुणी तरी हटकणारच आणि पारावर बसलेल्याला नावं ठेवणारच. बाजारात मात्र रिकामा माणूसही बाजारकरूच असतो. अमेरिकेतल्या उपनगरात घरापासून घरापर्यंत मोटारीनंच जायचं, पायी भटकायला जागा नाही. तिथल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना मॉलनं हीच सवलत दिली. सकाळी दुकानं उघडण्याआधी मॉलमध्ये चालायला येणाऱ्या ज्येष्ठांचे गट हे तिथलं नेहमीचं दृश्य असे.

गंमत म्हणजे मॉलच्या जनकालाही हेच हवं होतं. व्हिक्टर ग्रुएन व्हिएन्नाचा, ज्यू, १९३८ साली नाझींच्या तडाख्यातून निसटून अमेरिकेत आलेला वास्तुरचनाकार. व्हिएन्नातले चौक, कॉफीची दुकानं, गप्पांचे फड त्याच्या मनातून गेले नव्हते. साउथडेलभोवती घरं, शाळा, दवाखाना, तळं असं अख्खं गाव वसवायचं त्याच्या आराखड्यात होतं. बांधलं गेलं ते दुकानांचं खोकं आणि मोटारींचं मैदान. फ्रँक लॉइड राइटनं तो चौक पाहून टोला हाणला होता की खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष इथं आहेत, गोडवा तेवढा नाही. ग्रुएन १९६८ साली व्हिएन्नाला परतला, तर काही वर्षांत त्या शहराच्या वेशीवरही तसंच अवाढव्य खोकं उभं राहिलं. १९७८ साली त्यानं आपल्या या अपत्यांचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. म्हणजे ज्याच्या आठवणीनं आज लोक गलबलतात, ती वस्तूच मुळात एका निर्वासिताच्या गलबलण्यातून जन्मली होती, आणि त्याच्या मते फसली होती.

मॉल भराभर उगवले ते लोकांच्या प्रेमापोटी नव्हे, हेही सांगायला हवं. १९५४ साली अमेरिकेनं करकायदा बदलला. नव्या व्यापारी इमारतीचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच मोठ्या प्रमाणात दाखवायची सवलत मिळाली, आणि गुंतवणूकदारांना मॉल बांधणं हा कर वाचवायचा राजमार्ग सापडला. १९५६ साली महामार्गांचा कायदा आला. गरजेपेक्षा जास्त मॉल झाले, म्हणूनच पुढे इतके ओस पडले. ओहायोतला रँडॉल पार्क मॉल १९७६ साली उघडला तेव्हा जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवत होता. तो पाडून त्या जागेवर अॅमेझॉनचं गोदाम आलं.

आठवणीत कोण दिसत नाही, हा प्रश्न मात्र दोन्हीकडच्या हळव्या मंडळींना फारसा आवडत नाही.

शिरूर तालुक्यातल्याच करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये गावकऱ्यांनी मारवाडी सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कुणी राबेना, पाणी भरेना, हजामत करेना. बाबासाहेब देशमुख यांच्यावर काळूराम नावाच्या सावकारानं मिळवलेला हुकूमनामा हे त्यामागचं निमित्त. कापसाचे चढे भाव अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कोसळले, सारा वाढला, कर्ज फिटेना. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, आठवडे बाजारासाठी आजूबाजूच्या गावांतून जमलेल्या गर्दीनं सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि कर्जाचे कागद जाळले. तिथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला तो त्यानंतर. ज्या बाजारात भाऊ-बहीण भेटत, त्याच बाजारात रोखे लिहिले जात आणि व्याजाचे तगादे लागत. बाजारात दोर, केरसुण्या विकायला येणाऱ्या दलितांची जागा कडेला असे, आणि हॉटेलातला चहाचा कप वेगळा ठेवलेला असे. ‘सगळं गाव कसं एकत्र यायचं’ या वाक्यातल्या ‘सगळं’वर म्हणून थोडं थांबायला हवं.

अमेरिकेत माणसं वगळण्याचं हे काम रस्त्यानं केलं. मोटार नाही त्याला मॉल नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळच्या वॉल्डन गॅलेरिया मॉलच्या आवारात बाहेरगावच्या पर्यटकांच्या बसगाड्या येत, पण शहरातल्या काळ्या वस्तीतून येणाऱ्या बसला तिथं थांबा नव्हता. डिसेंबर १९९५ मध्ये मॉलमध्ये कामाला येणारी सतरा वर्षांची काळी मुलगी बसमधून उतरून सात पदरी रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडली. खटला झाला, १९९९ साली भरपाईवर तडजोड झाली. कारंज्यात नाणी टाकणाऱ्यांच्या आठवणीत ही बस येत नाही, कारण तोवर ती आवारात आलीच नव्हती.

आपल्याकडे मॉल आला तो दारावर पहारा ठेवूनच. १९९९ साली मुंबईत हाजी अलीजवळ पिरामल समूहाचं क्रॉसरोड्स उघडलं. गर्दी आवरेना तेव्हा काही काळ तिथं नियम होता की क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा, नाही तर तिकीट काढून आत या. तेव्हा मोबाइल असणं हीच जातपडताळणी होती. लोअर परळची कथा आणखी टोचणारी आहे. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, गिरणीची चिमणी शोभेला उभी राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव सोडून गावाकडे परतलेल्या कामगारांत पुणे, सातारा, कोकणातली माणसं होती. त्यांच्या आठवणीतली ती चिमणी वेगळी आणि खरेदीच्या पिशव्या घेऊन तिच्यासमोर फोटो काढणाऱ्यांची वेगळी.

या सगळ्यात बाजाराची नाडी ओळखली ती किशोर बियाणी यांनी. २००१ पासून सुरू झालेल्या बिग बझारमध्ये त्यांनी मुद्दाम गर्दी आणि अस्ताव्यस्तपणा ठेवला. चकचकीत रिकाम्या दुकानात आपल्या गिऱ्हाइकाला बिचकायला होतं, धक्काबुक्की असली की भाव पडलेत असं वाटतं, हे त्यांचं निरीक्षण. आठवड्यातला सर्वांत स्वस्त वार म्हणून त्यांनी बुधवार गाजवला. वातानुकूलित छताखालचा तो आठवडे बाजारच. पण छताला भाडं असतं, मालाला कर्ज असतं. बियाणींचा समूह देण्यांत बुडाला आणि २०२२ साली त्याची बरीच दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेतली. पथारी टाकून बसणाऱ्या विक्रेत्याला एवढं मोठं दिवाळं काढता येत नाही, आणि त्याच्या टिकून राहण्याचं हे एक कारण आहे.

मॉलची हौस विटली तशी शहराला बाजाराची आठवण आली. पुण्यात दर डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते. बचत गटांच्या बायकांच्या चुलीवरच्या भाकरी, मासवडी, घोंगड्या, बैलगाडी, आणि मोटार कुठं लावायची ही चिंता. बायकांच्या हाती त्यातून खरा पैसा येतो, त्यामुळे तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. तरी नावाची मौज आहेच. भीमथडी म्हणजे तोच मुलूख, जिथं बाजारात कर्जरोख्यांची होळी झाली होती. जत्रेत त्या होळीचा देखावा कुणी मांडत नाही आणि मांडावा अशी अपेक्षाही नाही. भीमथडी घोड्याला मात्र अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. शिरूरच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या घोड्यांचं दप्तरी का होईना पुनरागमन झालं.

बैलांची गोष्ट याहून बोलकी. ट्रॅक्टर आला, गुरांचा बाजार रोडावला. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यतीच्या खोंडाच्या किमती आता मोटारीच्या भाषेत सांगितल्या जातात. नांगराला जुंपायचा बैल मात्र त्या भावात कुणी विचारत नाही. आठवणीला बाजारभाव आला की ती जिवंत राहते, फक्त तिचं काम बदलतं.

२०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावानं शहरांत शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम काढली. पुण्या-मुंबईच्या मैदानांत, सोसायट्यांच्या आवारात ठरलेल्या वारी पाल पडू लागलं. शेतकरी तिथं टेम्पोनं येतो, विकतो आणि परततो. गिऱ्हाईक पिशवी भरतं आणि लिफ्टमध्ये शिरतं. माल ताजा, भाव रास्त. रेंगाळायला मात्र कुणी थांबत नाही. वाहनं लावायची असल्यानं मैदान वेळेत मोकळं करून द्यावं लागतं.

शिरूर तालुक्यात हे सगळं एकाच वेळी नांदतं. रांजणगावच्या एमआयडीसीत पगार घेणारा मुलगा बूट मोबाइलवर मागवतो, पुण्याच्या मॉलमध्ये सिनेमा बघतो, आणि त्याची आई भाजी-मसाल्यासाठी बाजाराचा वार सोडत नाही. त्या बाजाराबद्दल हळवं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याच्या कारभाराबद्दल बोलणारे कमी. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं खेड्यातल्या आठवडे बाजारावर फी घ्यायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, आणि ती वसुली बहुधा लिलावानं ठेकेदाराकडे जाते. पावती फाडली जाते, त्या बदल्यात विक्रेत्याला काय मिळतं ते पावसाळ्यातल्या एखाद्या बाजारात चिखल तुडवत पाहावं. पहाटे घर सोडून अंधार पडेपर्यंत पाटीमागे बसणाऱ्या बाईसाठी बाजारतळावर स्वच्छतागृह आहे का, तिला परत न्यायला संध्याकाळची गाडी अजून सुटते का, की आता सहाआसनीत दाटीवाटीनं जावं लागतं, हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात. साउथडेलमध्ये बाकं, उजेड, ऊब आणि स्वच्छतागृहं पहिल्या दिवसापासून होती, आणि त्यांचा खर्च दुकानदारांच्या भाड्यातूनच निघत होता.