कुत्र्याचे स्नान आणि आपली पाकी

गेल्या हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत रेंगाळत राहिला. पाळीव कुत्र्यांना अंघोळ घालणारी, केस विंचरणारी, नखे कापणारी दुकाने आता कोल्हापुरातही निघाली आहेत. त्यांपैकी एकात त्याला काम लागले होते. ‘स्पा’ हा शब्द उच्चारताना तो ओशाळला. असला पगार घरात आणू नकोस, असे वडिलांनी बजावले होते. हात पुढे करून त्याने विचारले, “इमामसाहेब, ह्या हातांनी वुजू होतो का?” मी म्हणालो, “दुसरे काम बघ बाबा.” तो गेला. माझे ते उत्तर किताबांतून नव्हे, माझ्या किळसेतून आले होते, हे मला त्या रात्रीच जाणवले.

वाचकहो, कुत्र्याचा विषय निघाला की आपल्या घरांत पाकीचा नियम आणि मनातला तिटकारा यांची सरमिसळ होते. आपल्या हनफी मजहबात कुत्र्याची लाळ नापाक आहे. परंतु त्याचे अवघे शरीर मुळातच नापाक नाही, हेच ग्राह्य मत आहे. भिजलेल्या कुत्र्याने अंग झटकले आणि अंगावर शिंतोडे उडाले, तर त्यांत लाळ वा घाण नसताना कपडा नापाक होत नाही. कुत्र्याला स्पर्श केल्याने वुजूही तुटत नाही. कोकणातले आपले शाफई बांधव अधिक कडक आहेत. ते सात वेळा धुतात आणि त्यांपैकी एकदा मातीने. इमाम मालिक (रह.) यांच्या मते तर जिवंत कुत्रा पाकच असतो. ही सारी चर्चा काय आणि किती धुवावे याची आहे. दगड मारण्याची परवानगी त्यांपैकी कोणीही दिलेली नाही.

केवळ हौसेखातर घरात कुत्रा ठेवण्याची मनाई हदीसमध्ये आहे, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याच हदीसमध्ये शिकार, गुरे आणि शेती यांसाठी मुभाही आहे. सूरह अल्-माइदामध्ये (५:४) शिकवलेल्या शिकारी प्राण्याने धरून आणलेले सावज हलाल ठरवले आहे आणि प्राण्याला शिकवण्याची ती विद्या अल्लाहनेच माणसाला दिली, असे म्हटले आहे. सूरह अल्-कहफमध्ये गुहेतल्या त्या श्रद्धावंत तरुणांची संख्या सांगताना कुत्र्यालाही मोजले आहे (१८:२२). तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला क्षमा मिळाल्याची हदीस तर आपली मुलेही जाणतात.

मग प्रश्न उरतो तो असा, की ह्या मुक्या जिवाचा हक्क नेमका कोणता? आपल्या भागात मेंढरांमागे चालणारा धनगराचा कुत्रा पाहा, किंवा मुधोळकडचा तो कारवानी. लांब पायांचा, अंगावर चरबी जवळजवळ नाही, केस आखूड. धावून आल्यावर त्याला आधी सावलीत निवू द्यावे लागते. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड शोधावे लागतात, पंजात रुतलेले कुसळ काढावे लागते, कान कोरडे ठेवावे लागतात. वाढलेल्या नखांनी त्याची चाल बिघडते आणि तापलेल्या डांबरावर तळवे भाजतात. हे त्याचे हक्क आहेत. अत्तर हा त्याचा हक्क नव्हे! तो जग नाकाने ओळखतो. उग्र सुगंध त्याला जाच ठरतो. माणसाचा साबण त्याच्या त्वचेला मानवत नाही आणि वरचेवरच्या अंघोळीने त्वचेतले तेल निघून जाते. तेव्हा तिटकाऱ्याने लाथाडणारा आणि लाडाने अत्तर चोपडणारा, दोघेही कुत्र्याकडे पाहतच नाहीत. आपापल्या मनाकडे पाहतात. दुसऱ्यात इसराफही आहे, हे वेगळे सांगायला नको.

काही दिवसांनी मी त्या तरुणाला बोलावून माझे उत्तर मागे घेतले. माझ्या समजुतीप्रमाणे त्याची मजुरी ही मुक्या जिवाच्या शुश्रूषेची मजुरी आहे, आणि हलाल आहे. कामाचे कपडे वेगळे ठेव, लाळ लागलेली जागा धू आणि बिनदिक्कत सफमध्ये उभा राहा, असे सांगितले. तो म्हणाला, “मालक लोक वास मागतात. मी जमेल तेवढा कमी लावतो.” मग कुठल्याशा वयस्क कुत्र्याविषयी बराच वेळ बोलला. मागच्या पायाला हात लावला की तो गुरगुरायचा. ते पायात दुखत असल्यामुळे आहे, हे सर्वांत आधी याच्या लक्षात आले होते.

त्याच्या वडिलांशीही बोललो. ते मान खाली घालून ऐकत होते. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. निघताना मात्र चपला पायांत सरकवता सरकवता त्यांनी मुलाला विचारले, “थंडीत ऊन पाणी तरी वापरता ना रे त्यांना?”