‘होते’ कीं ‘आहेत’?

लहान मुलांस परक्या लोकांची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न केवळ अध्यापनाचा आहे असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. तो नीतीचाहि आहे हें मला माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीनें शिकविलें.

उत्तर अमेरिकेंतील सू लोकांविषयीं मी तिला सांगत होतों. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणण्याची चाल आहे. कोलंबसाची चूक आपण इमानानें जपली आहे. ‘सू’ हें नांवहि शेजारच्या ओजिब्वे लोकांच्या शब्दाचा फ्रेंचांनीं केलेला अपभ्रंश होय. ते स्वतःस लाकोटा, डाकोटा म्हणवितात, आणि त्याचा अर्थ ‘स्नेही’ असा आहे. घोडे, गव्यांचे कळप, कातड्याचे तंबू, पिसांचे मुकुट असें सारें मीं रंगवून सांगितलें. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “काका, मग ते सगळे मेले का?”

मी चपापलों. माझें प्रत्येक वाक्य ‘होते’नें संपत होतें. एकहि तपशील खोटा नव्हता. तरी केवळ क्रियापदाच्या काळानें मीं एक अख्खें राष्ट्र मारून टाकलें होतें! दक्षिण डाकोटा राज्यांत पाइन रिज, रोझबड येथें हे लोक आज राहतात, आपलीं मंडळें निवडतात, मुलांच्या तोंडीं आपली भाषा टिकावी म्हणून धडपडतात. हें प्रथम सांगावयास हवें होतें.

इतिहासाचा आरंभ मात्र त्यांच्याच बखरीपासून करावा. ‘हिवाळ्यांची गणना’ असें तिला म्हणतात. एका हिमवर्षावापासून दुसऱ्यापर्यंत एक वर्ष. वडीलधाऱ्यांनीं विचारानें त्या वर्षाची एक घटना निवडावी आणि चित्रकारानें तिचें एक चित्र कातड्यावर काढावें, अशी रीत होती. १८३३ च्या नोव्हेंबरांत उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. अनेक गणनांत तें वर्ष ‘तारे पडले तो हिवाळा’ म्हणून आढळतें. हें ऐकतांच मुलगी विचारूं लागली, आपल्या घरच्या गेल्या वर्षाचें चित्र कोणतें निघेल? जेत्यांच्या पुस्तकांतील लढायांनीं आरंभ केला असता तर हा प्रश्न तिला सुचला नसता.

खरी अडचण पुढें आली. २९ डिसेंबर १८९० रोजीं वुंडेड नी येथें अमेरिकन फौजेनें दीडशेंहून अधिक लाकोटा मारले. त्यांत बायका व मुलें पुष्कळ. हें मुलांस सांगावें काय? माझे एक स्नेही म्हणतात, कोंवळ्या मनांस रक्तपात दाखवूं नये. परंतु अफझलखानाचा कोथळा आपण त्याच कोंवळ्या मनांपुढें किती चवीनें काढतों! रक्ताचें आपल्याला वावडें नाहीं. ज्यांत कोणाचा पराक्रम दिसत नाहीं तेवढेंच रक्त आपण झांकतों. मीं वर्णन गाळलें, घटना गाळली नाहीं.

मुलांच्या मापाची गोष्ट हवी तर ती झितकाला-शाची आहे. ही यांक्टन डाकोटा मुलगी आठ वर्षांची असतां, १८८४ मध्यें, इंडियाना राज्यांतील क्वेकर मिशनऱ्यांच्या शाळेंत गेली. तेथें तिचे केस कापण्याचें ठरलें. तिच्या लोकांत केस कापणें हें सुतकाचें अथवा भ्याडपणाचें लक्षण. ती पलंगाखालीं लपली, तेव्हां तिला ओढून काढून खुर्चीला बांधलें आणि वेण्या कापल्या. हें तिनेंच १९०० सालीं लिहिलें, आणि पुढच्याच वर्षीं इक्तोमी या लबाड, जाळें विणणाऱ्या कोळ्याच्या गोष्टींचें पुस्तक इंग्रजींत काढलें. पुतणी बराच वेळ आपली वेणी हातांत धरून बसली होती.

शेवटीं ब्लॅक हिल्सची हकीकत निघाली. १८६८ च्या तहानें हे डोंगर सू लोकांचे ठरले. १८७४ मध्यें तेथें सोनें आढळलें, आणि १८७७ च्या कायद्यानें ते काढून घेण्यांत आले. १९८० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भरपाई दिलीच पाहिजे असा निर्णय दिला. व्याजासह ती रक्कम दहा कोटी डॉलरांहून अधिक होती. सू राष्ट्रांनीं ती अद्यापि स्वीकारलेली नाहीं. त्यांस डोंगर हवेत.

“पण पैसे तर खूप होते ना?” ती म्हणाली. पाइन रिजवर दारिद्र्य किती आहे हें मीं तिला सांगितलें नव्हतें. तें आतां सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “काका, ते डोंगर आतां कोणाकडे आहेत?”

“बराचसा भाग सरकारी जंगल आहे,” मी म्हणालों. आणि ती नकाशा आणावयास उठली.