वाणीचे तप आणि बालवाङ्मय

परळच्या ज्या प्लेग-संशोधनशाळेस पुढे हाफकीन यांचे नाव मिळाले, तिचे काही काळ प्रमुख असलेले डॉ. विल्यम बॅनरमन यांच्या पत्नी हेलन यांनी आपल्या मुलींसाठी रचलेली एक गोष्ट 1899 साली लंडनमध्ये, मुलाच्या मुठीत मावेल अशा इवल्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. आणि ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ नावाच्या त्या पुस्तकाने गेल्या सव्वाशे वर्षांत जो वाद उभा केला, तो वरकरणी ग्रंथालयाच्या कपाटापुरता दिसत असला, तरी मुळात तो वाणीच्या धर्माधर्माचा वाद आहे, असे मला वाटते.

कथा मोठी रम्य आहे. आईने शिवलेला तांबडा कोट आणि निळी विजार, वडिलांनी बाजारातून आणलेली हिरवी छत्री आणि जांभळे जोडे, असा थाट करून एक मुलगा रानात फिरावयास जातो. चार वाघ एकामागून एक त्याला अडवितात, आणि तो प्रत्येकाला एकेक वस्तू देऊन आपला जीव वाचवितो. मग आपल्यात सर्वांत रुबाबदार कोण या भांडणात ते वाघ एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून झाडाभोवती इतक्या वेगाने धावतात, की अखेर वितळून त्यांचे तूप होते. ते तूप वडील पितळी भांड्यात भरून घरी आणतात, आई त्यात धिरडी तळते, आणि ती स्वतः 27, वडील 55 आणि मुलगा तब्बल 169 धिरडी खातो. वाघांच्या अहंकाराची अशी वाट लावणारी कथा लहान मुलांना शेकडो वेळा ऐकावीशी वाटावी, यात नवल नाही. शिवाय ज्या काळात इंग्रजी बालकथांतून सावळ्या वर्णाचे मूल बहुधा चाकर म्हणून किंवा हास्यविषय म्हणूनच येई, त्या काळात येथे ते आपल्या बुद्धीच्या बळावर जिंकते, हेही बाईंच्या पदरी टाकलेच पाहिजे.

परंतु ‘सॅम्बो’ हे नाव अमेरिकेत काळ्या माणसाला हिणविण्यासाठी फार पूर्वीपासून रूढ होते. आईबापांची मम्बो आणि जम्बो ही नावे जोडली की तीही थट्टाच होते. आणि चित्रांतले ओठ व डोळे विद्रूप होण्याइतके फुगविलेले होते. त्यातून बाईंच्या पुस्तकाचे सर्व हक्क अवघ्या पाच पौंडांना विकले गेल्यामुळे पुढच्या आवृत्त्यांवर त्यांचा काहीच अंमल उरला नाही, आणि अमेरिकेतील अनेक प्रकाशकांनी त्या कथेला मूळ चित्रांहूनही अपमानकारक चित्रे जोडून ती घरोघर पोहोचविली. 1932 साली कवी लँग्स्टन ह्यूज यांनी या पुस्तकाविरुद्ध लिहिले. त्यांच्या तक्रारीचा आशय असा, की गोऱ्या मुलाला जे गमतीचे वाटते, तेच काळ्या मुलाला, ज्याला आधीच पुष्कळ घाव सोसावे लागले आहेत, आणखी एक घाव देऊन जाते.

अशी फिर्याद आली की आपण ताबडतोब लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि मग त्याचा हेतू शुद्ध होता की अशुद्ध, त्याच्या काळी सर्वच असे लिहीत नव्हते काय, अशी उलटतपासणी सुरू होते. माझ्या मते येथेच विचाराची वाट चुकते. बॅनरमनबाईंच्या मनात द्वेष नव्हता, असे मी निःशंकपणे मानतो; पण त्यामुळे वर्गात त्या वर्णाचे एकच मूल बसलेले असताना ते पुस्तक उघडताच सगळ्या नजरा त्याच्याकडे वळतात, हे खोटे ठरत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाची लक्षणे सांगताना सत्याच्याही आधी उद्वेग न करणे हे लक्षण आले आहे. त्या क्रमात मला मोठा अर्थ दिसतो: उद्वेग ज्याला होतो, तो ऐकणारा असतो, आणि म्हणून वाणीची परीक्षा केवळ बोलणाऱ्याचे अंतःकरण तपासून पुरी होऊ शकत नाही. लेखकाचे कर्म त्याच्यापाशी. आज ते पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्याचे कर्म मात्र आजचे आहे आणि सर्वस्वी त्याचे आहे.

यावर मला भिडणारा आक्षेप एकच आहे. अन्यायाचा पुरावा नाहीसा केला, तर अन्यायही विसरला जाईल. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मुलाच्या खोलीतून पुस्तक काढणे आणि ग्रंथालयाच्या दफ्तरातून त्याची नोंद पुसणे यांत मी जमीनअस्मानाचे अंतर मानतो. 2021 च्या मार्चमध्ये अमेरिकन बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने त्यांची सहा पुस्तके, त्यांत 1937 चे पहिले पुस्तकही आले, यापुढे छापावयाची नाहीत असे जाहीर केले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! पण ते काही सरकारी फर्मान नव्हते. जुन्या प्रती कोणी जप्त केल्या नव्हत्या. धन्याने आपल्या दुकानातला काही माल विकावयाचा नाही असे ठरविले होते, एवढेच. त्याच 1937 च्या पुस्तकातील एका चिनी माणसाचा पिवळा रंग आणि वेणी लेखकाने स्वतःच 1978 मध्ये काढून टाकली होती आणि त्याच्यासाठी वापरलेला शब्दही बदलला होता. स्वतःच्या हयातीत स्वतःचे लेखन सुधारणे याला मी वाणीचे तपच म्हणेन. लेखकाच्या पश्चात कोणी मजकुरात गुपचूप फेरफार करून तो त्याच्याच नावावर खपविणे मात्र मला मान्य नाही. त्यात मुलाचे रक्षण होत असेल, पण सत्याचा लोप होतो.

आपण मराठी माणसांनी हा वाद सातासमुद्रापलीकडचा मानू नये. जातीजातींची नावे घेऊन त्यांना लोभी, भित्रे किंवा मलिन ठरविणाऱ्या म्हणी आपल्याही घरांत सहज बोलल्या गेल्या आहेत, आणि बोलणाऱ्या आजीच्या मनात बहुधा कसलेही विष नव्हते. ज्याच्या जातीचे नाव त्या म्हणीत होते, त्या मुलाला मात्र ते ऐकून कोठे पाहावे हे कळत नसे. त्या म्हणी कोशात राहाव्यात, अभ्यासकाने त्यांवर लिहावे. पाठ्यपुस्तकात त्यांना जागा असू नये, असे मी निःसंकोचपणे म्हणतो.

सॅम्बोच्या कथेचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. जपानमध्ये 1988 साली प्रकाशकांनी ती मागे घेतली, आणि 2005 साली ती तेथे पुन्हा छापली गेली. 1996 साली अमेरिकेत तिची दोन नवी रूपे आली. एकात मूळ मजकूर जवळजवळ तसाच ठेवून मुलाला बाबाजी हे नाव दिले, आणि चित्रे भारतातली काढली. दुसरे रूप ज्यूलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकाने लिहिले, जेरी पिंकनी या कृष्णवर्णीय चित्रकाराने रंगविले. ज्या समाजाला त्या पुस्तकाने दुखविले, त्याच समाजातील दोघांना वाघांची ती गोष्ट टाकवली नाही. त्यांच्या पुस्तकात वाघ तसेच धावतात आणि तसेच वितळतात. फक्त तो मुलगा ज्या गावात राहतो, तेथे त्याचे, त्याच्या आईचे, वडिलांचे, सर्वच माणसांचे नाव सॅम आहे, आणि ते नाव उच्चारून कोणा एकाकडे बोट दाखविण्याची सोयच त्या गावात उरलेली नाही.