करार मोडण्याची किंमत

करार मोडला की समोरच्याला अद्दल घडावी असं वाटणं साहजिक आहे. कायद्याला मात्र त्यात रस नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३ नुकसान भरून द्यायला सांगतं, शिक्षा करायला नाही. तेही सगळं नुकसान नव्हे; करारभंगातून सरळ उद्भवलेलं किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं, तेवढंच.

या विचाराचं मूळ इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीत आहे. इंजिनाचा दांडा मोडला. नवा घडवायला नमुना म्हणून तो ग्रीनिचला पाठवला, पण वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. १८५४ च्या ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ निकालात न्यायालयाने बुडालेला नफा नाकारला, कारण दांड्यावाचून गिरणी ठप्प आहे हे वाहतूकदाराला ठाऊक नव्हतं. आपल्या कलम ७३ खालच्या एका उदाहरणातही अशीच गिरणी आहे, पण तिचा मालक वाहतूकदाराला गिरणी बंद असल्याचं आधी सांगतो. त्याला उशिराच्या काळातला सरासरी नफा मिळतो. हातचं गेलेलं सरकारी कंत्राट मात्र भरून मिळत नाही.

दंडाचा आकडा करारातच लिहिला तरी तो आपोआप पदरात पडत नाही. दिल्लीतल्या एका बंगल्याचा सौदा १९४९ मध्ये १,१२,५०० रुपयांना ठरला. खरेदीदाराने १,००० विसार आणि २४,००० किमतीपोटी दिले. त्याने व्यवहार पुरा केला नाही तर पंचवीसही हजार जप्त, अशी अट होती. या सौद्यावरच्या फतेह चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये विक्रेत्याला विसाराचे हजार ठेवू दिले. उरलेल्या २४ हजारांइतकं नुकसान त्याला दाखवता आलं नाही. कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. वाजवी भरपाई तिच्या आत.

अडलेल्या माणसाच्या गळ्यात अवाच्या सवा दंड अडकू नये, म्हणून हे तत्त्व योग्यच आहे. पण भरपाई वेळेवर मिळेल, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ती साधारणपणे करारभंगाच्या तारखेच्या भावाने मोजली जाते, दावा मात्र वर्षानुवर्षं चालतो. दरम्यान जमिनीचा भाव वाढतो आणि साठेखत करून फिरलेला विक्रेता जमिनीवर बसून राहतो.

यावरचा उतारा म्हणजे ‘पैसे नकोत, खरेदीखतच करून द्या’ असा दावा. स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा हुकूम देणं हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग राहिला नाही. तरी आपण सतत तयार आणि राजी होतो हे खरेदीदाराला सिद्ध करावंच लागतं: पासबुक, कर्जमंजुरीचं पत्र, पाठवलेल्या नोटिसा. करार ज्याने मोडला नाही, तोच वर्षानुवर्षं आपल्या प्रामाणिकपणाचे कागद जपत राहतो.

घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याने वेगळी वाट धरली. ताबा लांबला आणि ग्राहक प्रकल्पातच राहिला, तर कलम १८ प्रमाणे बिल्डरने त्याला उशिराच्या दर महिन्याचं व्याज द्यावं लागतं. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या किमान दरापेक्षा) दोन टक्के जास्त आहे. वसुली इथेही रखडते. पण नुकसान किती झालं याचा पुरावा गोळा करत बसावं लागत नाही, आणि उशिराचा भार कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं.

दिवाणी न्यायालयात मात्र व्यापारी नसलेल्या व्यवहारात निकालानंतरचं व्याज वर्षाला सहा टक्क्यांपलीकडे जात नाही. इतक्या स्वस्तात दुसऱ्याचे पैसे वापरायला मिळत असतील, तर हरलेला माणूस अपील का करणार नाही? करारभंगाला शिक्षा नसावी, हे मान्य. पण थकवण्यातला नफा तरी कायद्याने काढून घ्यायला हवा.